शनिवारावर टाकलेला रुमाल

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता शलाका घाडगेनं इंग्रजीतून सांगितलं, की शनिवारी ती राजगडावर गेली होती, आणि अकरा वाजता तिच्या मोज्यांत कुसळं निघाली.

ती राजगडावर गेली नव्हती. जन्मात कधी गेली नव्हती. शनिवारी ती नेहमीसारखी कराडला होती, वडिलांजवळ. पण कुसळं खरी होती. ऑफिसच्या बाथरूममध्ये मोजा उलटा करून तिनं ती एकेक उपटली. मग पर्स उघडली. शनिवारी सकाळी स्वारगेटला कंडक्टरनं फाडून दिलेलं तिकीट आत होतं, तेच, तिनं स्वतः कोपरा दुमडलेलं. त्यावर कराडच्या जागी गुंजवणे, राजगडाच्या पायथ्याचं गाव, छापलं होतं.

तिनं आईला फोन लावला.

"आई, शनिवारी मी आले होते ना गं?"

"कुठं आलीस? मी वाट बघून बघून आमटी झाकून ठेवली."

"अण्णा तांब्या म्हणाले. तुझ्यासमोर म्हणाले. तू रडलीस."

"हे? तांब्या? शलू, असलं काही बोलत जाऊ नको. मी उगाच आशेला लागते."

शलाकानं फोन ठेवला. चढ चढल्याचं तिला काही आठवत नव्हतं. कराडचं सगळं आठवत होतं. फक्त ते घडलं नव्हतं.

*

आता हे इंग्रजी कुठलं, ते सांगायला हवं.

पुण्यात, खराडीतल्या शलाकाच्या कंपनीत बैठकीच्या खोल्यांना नद्यांची नावं होती. चौथ्या मजल्यावरच्या कोयनेत दर सोमवारी साडेनऊला बागवान मॅडम सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. कामाचं इंग्रजी सगळ्यांना येत होतं. सर्व्हर का पडला, डेटा कुठे अडकला, हे कुणीही झोपेत सांगितलं असतं. अडचण पहिल्या पाच मिनिटांची होती. महिन्याभरानं परदेशातल्या क्लायंटबरोबर दर सोमवारी व्हिडिओ कॉल सुरू होणार होता, आणि तिकडची हेलन नावाची बाई कामाला हात घालण्याआधी प्रत्येकाला विचारणार होती: हाऊ वॉज युवर वीकेंड? ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याला या कामावरून उठवणार होते.

मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, आणि ते पुसायचं नाही असंही लिहून ठेवलं होतं:

    दोनच वाक्यं.
    ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न पडता कामा नये.
    आजार नको. देव नको. राजकारण नको.
    एकाचं उत्तर दुसऱ्यानं द्यायचं नाही.

"मॅडम, माझा वीकेंड कपडे धुण्यात जातो," मागून कुणीतरी म्हणालं होतं.

"लाँड्री चालेल. साबणाचं नाव नको."

"म्हणजे खरं सांगायचंच नाही का?"

"खरं सांगा हो. पण छोटं सांगा."

शलाकाचं खरं छोटं होत नव्हतं. तिचे अण्णा, नामदेव घाडगे, कराडच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, ते माईकवरून सांगणारा माणूस. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. सगळी नाही गेली. गाड्यांचा रस्ता राहिला, आणि चौकशीच्या खिडकीतलं 'कुठं जायचंय?' राहिलं. उंब्रज, नागठाणे, सातारा, हे नळातून पाणी यावं तसं यायचं. पण समोर तांब्या धरून 'अण्णा, हे काय?' विचारलं की तोंड उघडायचं आणि उघडंच राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला एक वस्तू घ्या, हातात द्या, नाव काढून घ्या. शलाका दर शनिवारी एक वस्तू घ्यायची. चौदा महिन्यांत नऊ शब्द परत आले होते. तांब्या दहावा.

तिला मात्र वस्तू नको होत्या. ती पाच वर्षांची असताना स्टँडवर हरवली होती. रसवंतीच्या मागं रडत उभी असताना वर भोंग्यातून अण्णांचा सरकारी आवाज आला होता: प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, निळा फ्रॉक घातलेली एक मुलगी हरवली आहे, तिचे नाव शलाका नामदेव घाडगे. अण्णा जणू तिला ओळखतच नव्हते, इतक्या स्वच्छ आवाजात. ती त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेली होती.

तो आवाज एकदा पुन्हा तिचं नाव घेईल, एवढ्यासाठी ती दर शनिवारी साडेतीन तास जायची आणि रविवारी साडेतीन तास परत यायची. हे दोन वाक्यांत कसं सांगायचं? आजार तर फळ्यावरच नको होता. म्हणून ती म्हणाली होती, आय वेंट ट्रेकिंग टू राजगड. द व्ह्यू वॉज ग्रेट. मॅडम म्हणाल्या होत्या, लव्हली.

*

पुढच्या शनिवारी ती कराडला गेली आणि तांब्या पुन्हा पहिल्यापासून काढून घेतला. तीन तास लागले. आई पुन्हा रडली.

सोमवारी कोयनेत येताना तिनं तळहातावर बॉलपेननं दोन वाक्यं लिहून आणली होती. कराडला गेले. वडील एक नवा शब्द शिकले. आजाराचं नाव नाही, सगळं नियमात.

उत्तरं दाराजवळच्या खुर्चीपासून सुरू व्हायची. दाराजवळ पराग टिपणीस बसायचा. हा त्यांच्याच टीममधला टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायचं काम. चार वर्षं तो तिच्यापासून दोन टेबलं सोडून बसत होता, आणि तो मेथीची भाजी खात नाही यापलीकडे तिला त्याच्याबद्दल एकच गोष्ट माहीत होती.

"पराग," मॅडम म्हणाल्या, "हाऊ वॉज युवर वीकेंड?"

"आय वेंट टू कराड," पराग म्हणाला. "माय फादर लर्न्ड अ न्यू वर्ड."

"लव्हली. शलाका?"

शलाकानं तळहाताकडे पाहिलं. वाक्यं तिथंच होती. ती तिनं वाचून दाखवली.

"रिपीट नको," मॅडमनी फळ्याकडे बोट केलं. "कराड झालं. दुसरं काहीतरी."

सोळा जण तिच्याकडे बघत होते. तिच्या तोंडात जे तयार होतं तेवढंच बाहेर आलं. "आय वेंट ट्रेकिंग," ती म्हणाली, आणि टाचेपाशी कुसळ टोचलं.

कँटीनमध्ये ती त्याच्यासमोर जाऊन बसली. तिला माहीत असलेली ती एक गोष्ट तिनं बोलून टाकली.

"तुझे वडील वारलेत, पराग."

"हो. चौथीत होतो मी."

"मग कराडला कुठले वडील?"

"मला काही आठवत नाही. तुला राजगड आठवतो?"

"नाही."

"मग झालं तर." त्यानं डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, आणि शेजारी एक छोटी स्टीलची डबी. डबीत शेंगदाण्याची चटणी होती, उखळात कुटलेली, जाडसर. डबीच्या झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलं होतं: सौ. सुशीला ना. घाडगे.

"ही माझ्या आईची डबी आहे."

"परत द्यायचीय म्हणाल्या. पुढच्या वेळी नेईन."

"पराग, हा माझा शनिवार आहे."

"तू राजगडाला उतरलीस ना?" तो चटणीत पोळी बुडवत म्हणाला. "जागा रिकामी झाली. मी रुमाल टाकला. माझ्याकडे शनिवारी काहीच नसतं गं. कधीच नव्हतं."

हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला, की तिचा संशय आणखी वाढला.

*

चूक सापडली की टीममध्ये कुणी भांडत बसत नसे. प्रोजेक्टच्या बोर्डावर तक्रार टाकायची, ती ज्याची त्याच्याकडे जायची. शलाकानंही तेच केलं.

    तक्रार क्र.: ४१७
    विषय: माझा शनिवार दुसऱ्याच्या नावावर दिसतो
    पुन्हा घडवून बघण्याच्या पायऱ्या:
      १. शनिवारी कराडला जा.
      २. सोमवारी कोयनेत इंग्रजीत वेगळं काहीतरी सांग.
      ३. आईला फोन कर.
    अपेक्षित: मी गेले होते.
    प्रत्यक्ष: मी गेले नव्हते. मोज्यांत कुसळं.
    तीव्रता: खूप
    तपासणार: पराग टिपणीस

    शेरा (प. टिपणीस): तपासलं. माझ्याकडे व्यवस्थित चालतं. बंद करत आहे.

तिनं ती तीनदा पुन्हा उघडली. तीनदा ती बंद झाली. तिसऱ्यांदा शेऱ्याखाली एक ओळ जास्त होती: चमचा पण म्हणाले.

*

तिसऱ्या सोमवारी शलाका साडेआठलाच कोयनेत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर धरली. दार तिच्या उजव्या कोपराला लागत होतं.

एकेक जण आला. प्रत्येकजण आत येऊन तिच्या आणि दाराच्या मधल्या खुर्चीत बसला. मधे खुर्ची नव्हती. पण येणारा टेकायच्या वेळी असायची, आणि टेबल तेवढं लांब व्हायचं, आणि दार तेवढं लांब जायचं. सव्वानऊला तिला दाराची कडी दिसेनाशी झाली. साडेनऊला पराग आला आणि दाराजवळ बसला. तिथून तो अंगठ्याएवढा दिसत होता.

"मॅडम, ही खोली लांबतेय," शलाका म्हणाली.

"वर्ग वाढला की वाढते," मॅडम वही उघडत म्हणाल्या. "लहान होती तेव्हा लोक तक्रार करायचे."

उत्तरं दारापासून सुरू झाली. परागचं उत्तर तिला ऐकूसुद्धा आलं नाही. फक्त मॅडमचं लव्हली एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत तिच्यापर्यंत आलं. तिची पाळी येईपर्यंत बागकाम, सिनेमा, सायकल, लाँड्री, सगळं संपलं होतं. ती पुन्हा राजगडावर गेली. या वेळी गुडघाही खरचटला.

*

चौथ्या शनिवारी दार आईनं उघडलं.

"आलीस? डोंगर संपले वाटतं."

"आई, मी दर शनिवारी येते."

"येते म्हणे. अगं, दर शनिवारी तो परका पोरगा येतो. स्वतःच्या हातानं ह्यांना भरवतो. आणि पोटची पोर गड चढत फिरते. शेजारीपाजारी विचारतात, तोच तुमचा मुलगा का."

"तू काय सांगतेस?"

आई पाणी आणायला आत गेली.

अण्णा खिडकीजवळ पलंगावर बसले होते. पलंगाशेजारी ती लोखंडी खुर्ची होती, शलाकाची, जिच्यात बसून ती वस्तू पुढं करायची. खुर्चीवर एक चौकटीचा रुमाल पसरला होता, चारही कोपरे ताणून.

"तिथं बसू नको," आई तांब्या घेऊन येत म्हणाली. "परागची आहे. रुमाल दिसतोय ना?"

शलाका स्टुलावर बसली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीतून माणसांकडे पाहिलं होतं तसंच.

"कुठं जायचंय?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, अण्णा. मी शलू."

"कुठं जायचंय?"

तिनं तांब्या पुढं केला. अण्णा म्हणाले, तांब्या. चमचा, चमचा. चष्मा, चष्मा. बारा वस्तू झाल्या, एकही अडली नाही. मग तिनं तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. अण्णांचं तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. कपाळावर शीर आली.

"पराग," अण्णा म्हणाले.

आई कौतुकानं हसली. "बघ. माणसाचं पहिलं नाव. मागच्या शनिवारी आलं."

शलाका उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिली. स्टँडवर जागेवरून भांडण झालं की अण्णा केबिनमधून उठून गाडीत चढायचे, हे तिला आठवलं. एक म्हणायचा, माझा रुमाल होता. दुसरा म्हणायचा, मी आधी बसलो. अण्णांचा निवाडा ठरलेला असायचा. 'रुमालाला तिकीट लागत नाही. ज्यानं बूड टेकलंय, त्याची जागा. उठला की गेली.'

ती दर रविवारी उठत होती. हीच तिची चूक होती.

रविवारी ती उठली नाही. दुपारची गाडी गेली, चारची गेली. ऑफिसला तिनं कळवलं, की सोमवारी ती घरूनच कॉलवर येईल. मग खुर्चीतला रुमाल तसाच ठेवून ती त्यावर बसली.

"अगं, त्याचा रुमाल चुरगळेल," आई म्हणाली.

"चुरगळू दे."

*

सोमवारी नऊ वाजता त्याच खुर्चीत, अण्णांच्या पलंगाकडे पाठ करून, तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. पहिला कॉल होता, खरा, हेलनबरोबरचा. जो आधी जोडला जाईल त्याचं नाव वर, आणि जो वर त्याला आधी विचारणार. शलाका सगळ्यांत वर होती. सव्वानऊला कोयना उघडली. पडद्यावर ती खोली बोगद्यासारखी दिसत होती, दोन्ही बाजूंना माणसं, शेवटी दार, दाराजवळ पराग. त्यानं हात केला. तिनं केला नाही.

तिच्या तळहातावर दोन वाक्यं होती. माय फादर सेड माय नेम. इट वॉज नाइस.

ती म्हणाली असती, तर ते घडलं असतं. राजगडासारखंच पक्कं घडलं असतं. आईला आठवलं असतं, शेजारी म्हणाले असते. फक्त तिला ते ऐकू आलं नसतं. कुसळं मिळतात, चढ मिळत नाही, एवढं तिला आता कळलं होतं. आणि ती म्हणाली नसती, तर पाळी खाली सरकत सरकत दाराजवळ परागपर्यंत गेली असती.

"गुड मॉर्निंग, एव्हरीवन," हेलन म्हणाली. बाई दिसायला साधीच होती, मागं एक कुंडी. "शलाका, हाऊ वॉज युवर वीकेंड?"

कोयनेतली सगळी डोकी पडद्याकडे वळली. बागवान मॅडमनी दोन बोटं वर केली. दोन वाक्यं.

शलाकानं तळहात मिटला. तिला पाठीमागं पलंग करकरल्याचं ऐकू आलं. अण्णा पुढं सरकत होते. त्यांना लॅपटॉपवरचं माईकचं ते बारीक भोक दिसलं होतं, ज्याच्या बाजूला हिरवा दिवा लागतो. तिच्या खांद्यावरून हात पुढं करून त्यांनी त्यावर नखानं दोनदा टिचकी मारली. कोयनेत, चौथ्या मजल्यावर, दोनदा टकटक झाली. अण्णांनी घसा साफ केला. गेल्या चौदा महिन्यांत त्यांनी असा घसा साफ केला नव्हता.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," अण्णा म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पीठ होतं.

"सॉरी?" हेलन म्हणाली.

पडद्यावर लोक गाडी लागल्यासारखे उठत होते. कुणी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतं, कुणी पिशवी खांद्याला लावत होतं. मॅडमनी वही काखेत मारली.

"निळा फ्रॉक घातलेली," अण्णा स्वच्छ, सरकारी आवाजात म्हणाले, "एक मुलगी सापडली आहे."

शलाका मागं वळली नाही. वळायला उठावं लागलं असतं. तिनं खुर्चीचे दोन्ही लोखंडी हात घट्ट धरले. बसल्या जागी रुमाल एका बाजूनं हळूहळू ओढला जात असल्याचं तिला जाणवत होतं.

"तिचे नाव," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी श्वास घेतला.

बोगद्याच्या टोकाला पराग टिपणीस एकटाच बसलेला होता. माईक तोंडाजवळ ओढून घेऊन, दुसऱ्या हातानं तो रुमालासाठी एकामागून एक आपले खिसे चाचपत होता.